फेसलेली मोहरी

पौषातली थंडी. नळाचं पाणी हाताला चावतं.
सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांत
नलिनी गाजराच्या लोणच्यासाठी मोहरी फेसते आहे.
पाट्यावर चमचाभर पाणी, पुन्हा चमचाभर,
वरवंटा मागेपुढे.
आधी काहीच नाही.
मग एकदम, डोळ्यांच्या मागून
कुणी सुई खुपसावी तसं.

चढली का? ती विचारते.
नाक पुसत मी मान हलवतो.
मग जमली.

भाची आलीय, हर्षाली. पेशींवर शिकते.
म्हणते, मामा, दाण्यात हा झणका नसतोच.
दोघं दोन खोल्यांत गप्प बसलेले असतात.
भिंत फुटली, पाणी मिळालं, की भेटतात.
अळीने चावा घेतला की तिच्याच तोंडात भेटायचं
असं झाडाचं ठरलेलं.
फोडणीत त्यांच्यातला एक जळून जातो,
म्हणून तडतडते खूप,
बोलत काही नाही.

म्हणजे हे अळीसाठीचं विष.
आपण चवीने खातो.

मला वाटायचं,
आवळा, द्राक्षाची साल, कांदा,
सगळं आत जाऊन गंज पुसत असेल.
अंबडला सव्वीस वर्षं क्रोम प्लेटिंग केलं,
मला गंजापलीकडे काही सुचत नाही.
पुसत नाही फारसं, ती म्हणाली.
चिमटा काढतं.

मग ताटात गाजराच्या फोडी मांडल्या तिनं.
हा मुकादम. हा पोरगा.
पोरगा सारखा नवा जन्मतो
आणि मुकादम दंड धरून
त्याला भंगारात घालतो. दिवसभर.
काम नाही म्हणून.

एवढी नासाडी?
तयारी म्हणतात तिला, मामा.

झणका येतो आणि मुकादमाच्या बोटांना डसतो.
बोटांत गंधक आहे त्याच्या, तिथेच लागतं.
आधीचा पोरगा हातात तसाच अडकून राहतो,
पण पुढचा निसटतो,
त्याच्या पुढचाही.
पेशीच्या आतल्या खोलीत शिरतात,
तिथल्या जोडीदाराचा हात धरतात
आणि जाड वहीत जिथे जिथे तीच खूण आहे
ती पानं उघडतात.
कधीचे बंद पडलेले खाते सुरू होतात.
कुणी ग्लुटाथायोन रांधतं,
कुणी विषाच्या पाठीवर चिठ्ठी डकवतं,
कुणी दाराशी उभं राहून ढकलतं बाहेर.
रक्तात, मूत्रपिंडात,
सकाळी मोरीत.

आणि मोहरी?
तिलाच आधी काढतात, हर्षाली हसली.
उठल्या उठल्या पहिलं काम ते.

मी फोड उचलली नाही.

रंगनाथ पिंगळे, मखमलाबादचा.
दुसऱ्या पाळीत टाकीवरचा पिवळा धूर
आम्हा सगळ्यांच्या नाकात गेला, रोजच जायचा.
त्यानं पाना टाकीवर आपटला, एकदा, दोनदा,
आणि रक्ताचा रुमाल
साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला,
चहाच्या कपाशेजारी.
चौथ्या दिवशी धूर ओढणारा पंखा आला.
मास्क आले. दर सहा महिन्यांनी तपासणी आली.
दुसऱ्या महिन्यात गेटवर
त्याचा पास चालेना.
कागद फिरला होता त्याच्यासाठी.
मी पेन शोधत राहिलो, पाळी सुटेपर्यंत.

नंतर एकदा दिंडोरी रोडला दिसला,
द्राक्षांच्या पेट्यांवर बसलेला.
मी स्कूटर हळू केली.
थांबवली नाही.

पंखा मी निवृत्त होईस्तोवर फिरत होता.
माझं यकृत बरं आहे, रिपोर्ट सांगतो.

फार खाऊ नका हं, हर्षाली म्हणते,
चिमट्याचा घाव व्हायला वेळ लागत नाही.
नलिनी बरणीच्या तोंडाला फडकं बांधते,
बोटाला लागलेलं चाटते, डोळे मिटते.
झणका आठ दिवस, म्हणते, मग उतरतो.
खायचं तर आत्ता.